काकूंचा शर्ट

धाकटीचे केस कानांपाशी पांढरे झाले, तिच्या मुली तिच्यापेक्षा उंच झाल्या, तरी ऑफिसात तिचं नाव धाकटीच राहिलं. ती कामाला लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती, एवढंच त्याचं कारण. पुढे तिच्याहून लहान कितीतरी आले आणि गेले, पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. आता त्या ऑफिसात सगळ्यांत जुनी तीच होती, आणि नवी मंडळी बिचकत बिचकत 'धाकटी मॅडम' अशी हाक मारायची तेव्हा तिला हसू आवरायचं नाही.

ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली यंत्रं सुरू झाली की वर टेबलांवरचे चहाचे कप किणकिणायचे. या दोन खोल्यांत कपडे शिवणाऱ्यांसाठी एक प्रोग्राम तयार झाला होता. गिऱ्हाइकाची मापं भरायची, छाती, कंबर, बाही, खांदा, आणि बटण दाबलं की मोठ्या कागदावर कापडाच्या तुकड्यांचे आकार छापून यायचे. कागद कापडावर ठेवायचा, कडेकडेने कापायचं आणि शिवायला बसायचं. सांगायला सोपं आहे. पण माणसाचं अंग म्हणजे काही भूमितीच्या पुस्तकातली आकृती नव्हे. त्यामुळे तक्रारींना कधी तोटा पडला नाही.

आणि तक्रार आली की काय करायचं, याचा आबांचा एक कायदा होता.

आबा म्हणजे ऑफिसचे मूळ मालक. प्रोग्राम पहिल्यांदा लिहिला तो त्यांनी, आणि धाकटीला हाताला धरून शिकवलं तेही त्यांनीच. चूक सापडली की बाकी लोक थेट दुरुस्तीला धावतात. आबांना ते खपायचं नाही. "आधी हात मागे घे," ते म्हणायचे. आधी एक टेस्ट लिहायची. टेस्ट म्हणजे प्रोग्रामची परीक्षा घेणारा एक छोटासा प्रोग्राम. त्यात त्या गिऱ्हाइकाची मापं घालायची आणि उत्तर काय यायला हवं तेही लिहायचं. मग ती चालवायची. उत्तर चुकलं की पडद्यावर तिची ओळ लाल व्हायची, आणि ती लाल व्हायलाच हवी. "लाल झाली नाही तर तुला चूक कळलेलीच नाही. जा, परत विचार करून ये." लाल पाहिल्यावर मगच दुरुस्ती, आणि दुरुस्ती जमली की ओळ हिरवी.

इथवर कोणीही ऐकून घेईल. पण आबांचं पुढचं कलम ऐकून लोक डोक्याला हात लावायचे. हिरवं झालं की दुरुस्ती पुन्हा काढून टाकायची. मुद्दाम मोडायचं. लाल परत दिसलं की मग दुरुस्ती जागेवर ठेवायची आणि घरी जायचं. "अहो आबा, झालं ना आता?" असं कोणी कुरकुरलं की ते चष्म्यावरून बघायचे. "हिरवं झालं ते तुझ्यामुळे झालं की आपलं आपण झालं, हे कळायला नको?"

मग ती टेस्ट कायमची राहायची. रोज सकाळी सगळ्या टेस्ट एका दमात चालवायच्या, म्हणजे एकदा गेलेली चूक पुन्हा चोरपावलांनी शिरली तर लगेच सापडायची. आणि टेस्टला नाव द्यायचं ते तक्रार करणाऱ्याचं. एक होते 'पैलवान', त्यांच्या मानेचं माप ऐकून प्रोग्रामने कॉलरच छापायची सोडून दिली होती. एक होता 'डावखुरा वकील', त्याचा खिसा काही केल्या हव्या त्या बाजूला येईना. 'जुळ्यांची आई' तर ऑफिसात येऊन रडली होती, कारण दोन्ही फ्रॉक एकीच्याच मापाचे निघाले आणि दुसरी रुसून बसली.

त्यामुळे त्या ऑफिसची बोलण्याची एक तऱ्हाच पडून गेली. सकाळी कोणी विचारायचं, "आज कोण आलंय?" कोणी म्हणायचं, "कोणी नाही, सगळं हिरवं." किंवा, "पैलवान आलेत." मग काल कोणी कुठे हात घातला ते शोधायचं, चूक काढायची, आणि ओळ हिरवी झाली की म्हणायचं, "गेले एकदाचे." बाहेरच्या माणसाला वाटावं, या खोल्यांत सारखी वर्दळ असते.

यांतली सगळ्यांना तोंडपाठ असलेली टेस्ट म्हणजे 'काकूंचा शर्ट'. शर्ट आबांचा, पण तक्रार काकूंची, म्हणून नाव काकूंचं.

काकू म्हणजे आबांची बायको. घरीच कपडे शिवायच्या, स्वतःच्या मनाने, स्वतःच्या टेपने. नवऱ्याच्या प्रोग्रामला त्यांनी बरीच वर्षं हात लावला नव्हता. एकदा आबांनीच फार आग्रह केला, तेव्हा म्हणाल्या, बरं, तुमचाच शर्ट करून बघते. तो शर्ट घेऊन त्या दुपारी जिना चढून वर आल्या. धाकटी तेव्हा नवी नवी होती, कोपऱ्यातल्या टेबलावर जीव मुठीत धरून बसायची. काकूंनी इकडे तिकडे पाहिलं नाही, आबांना खुर्चीतून उठवलं आणि सगळ्यांच्या देखत अंगातल्या शर्टावरच नवा शर्ट चढवला.

"अहो, हात खाली सोडा. आता सगळ्यांनी बघा."

सगळ्यांनी बघितलं. डाव्या खांद्याखाली भलीमोठी चुणी पडली होती, कॉलर एकीकडे सरकली होती आणि शर्टाचं खालचं टोक डावीकडे लोंबत होतं.

"शिलाईत काहीतरी चुकलं असेल," आबा म्हणाले. असं म्हणायला नको होतं.

"शिलाईत?" काकूंनी पर्समधून टेप काढली. "तुमचा हा डावा खांदा बोटभर खाली आहे. लग्नाच्या आधीपासून ती जड पिशवी खांद्याला लावून दारोदार हिंडलात ना, त्याचं फळ आहे हे. आणि तुमचा प्रोग्राम मला विचारतो, खांदा किती? एकच खांदा विचारतो! माणसाला दोन असतात."

कोणीतरी खुदकन हसलं. काकूंनी मापं घ्यायला सुरुवात केली. आबांनी छाती फुगवली, तर काकूंनी बरगडीत बोट खुपसलं. "श्वास सोडा. शर्ट तुम्हाला शिवायचाय, पैलवानाला नाही." मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "ए पोरी, तू टाईप कर. हे करणार नाहीत नीट."

धाकटीने टाईप केलं. काकू आकडा सांगायच्या आणि धाकटी तो टेस्टमध्ये घालायची. डावा खांदा वेगळा, उजवा खांदा वेगळा. तिने स्वतः लिहिलेली ती पहिली टेस्ट.  तिने ती चालवली आणि ओळ लाल झाली.

"हे लाल म्हणजे काय गं?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे... तुमचं बरोबर आहे," धाकटी म्हणाली. "प्रोग्राम चुकतोय, हे आता त्यालाही कबूल आहे."

काकू जाम खूश झाल्या. खुर्ची ओढून टेबलापाशी बसल्या, चहा मागवला. लाल ओळीकडे त्या अशा बघत होत्या की जणू घरच्या लेकीचा पहिला नंबर आलाय. आबा मुकाट्याने दुरुस्तीला लागले. पुष्कळ वेळाने ओळ हिरवी झाली, तेव्हा काकूंचा चेहरा पडला.

"लाल असलं की मी बरोबर, असं म्हणालीस ना? मग हिरवं कशाला करता?"

"अगं, नाहीतर लोकांचे शर्ट वाकडे होतील," आबा म्हणाले.

"हं. तेही खरंच." काकूंनी चहा संपवला, टेप गुंडाळली आणि निघाल्या. त्या जिना उतरत होत्या तेवढ्यात आबांनी कायद्याप्रमाणे दुरुस्ती मोडून पाहिली. ओळ लाल झाली आणि आबा खोडकरपणे ओरडले, "अगं, परत आलीस!" हाक ऐकून काकू खरोखरच जिना चढून धापा टाकत वर आल्या. "काय झालं? काय राहिलं?" सगळं ऑफिस पोट धरधरून हसलं. त्यांना कारण सांगितल्यावर त्या आबांच्या पाठीत धपाटा घालून परत गेल्या.

धाकटीला तो दिवस आठवला की अजून बरं वाटायचं. किती साधं होतं सगळं. चुका आकाराने लहान असायच्या, माणसं तक्रार घेऊन जिना चढून यायची, आणि संध्याकाळपर्यंत कोणाचं तरी काहीतरी सरळ झालेलं असायचं.

पुढे काकू आजारी पडल्या आणि गेल्या. आबांचं मन उडालं. त्यांनी ऑफिस एका मोठ्या कंपनीला विकलं, धाकटीला म्हणाले, "तू आहेस ना, बघ आता," आणि घरी जाऊन बसले. सुरुवातीला ती दर आठवड्याला त्यांच्याकडे जायची. मग महिन्याकाठी. मग फोनवर भागू लागलं. वाईट वाटायचं तिला, पण दिवस कुठे निघून जायचा ते कळायचं नाही.

नव्या कंपनीने नवे साहेब पाठवले. माणूस वाईट नव्हता. कामाला वाघ होता, बोलायला गोड होता, फक्त त्याला सगळ्याची घाई होती. प्रोग्रामची नवी आवृत्ती काढायची ठरली आणि छपाईचा सगळा भाग साहेबांनी स्वतः नव्याने लिहिला. त्यांची कल्पनाही चांगली होती. शिवणारे कापड दुमडून कापतात, मग आपण तरी अख्खा आकार का छापायचा? अर्धाच छापा, दुसरी बाजू तशीच येणार. कागद निम्मा वाचला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, धाकटीनेही वाजवल्या.

नवी आवृत्ती लोकांच्या हाती जायच्या आदल्या सकाळी धाकटीने सगळ्या टेस्ट नव्या कोडवर चालवल्या. हिरवं, हिरवं, हिरवं. पैलवान नाहीत, वकील नाही, जुळ्यांची आई नाही. ती उठून चहा घ्यायला निघाली आणि जाता जाता तिने पडद्यावर नजर टाकली.

शेवटून थोडी वर एकच ओळ लाल होती.

 "काकू आल्या," तिच्या तोंडून निघून गेलं. खोलीत ते समजणारं जुनं कोणी उरलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरून कोणीतरी कानातली वायर काढून विचारलं, "काही म्हणालात, मॅडम?" तिने नुसती मान हलवली. डोळे भरून आले होते आणि चहाचा रिकामा कप हातात तसाच राहिला.

साहेब आले, खुर्चीमागे उभे राहिले.

"एकच ना? बंद करून टाका ती टेस्ट."

"साहेब, टेस्ट चुकलेली नाहीये. आपण चुकलोय. डावा आणि उजवा खांदा वेगळा असेल तर अर्धा छापून चालत नाही."

"किती लोकांचे असतात असे?"

"सगळ्यांचेच थोडेफार असतात म्हणे."

"म्हणे?" साहेब हसले, पण कुचकेपणाने नाही. "मॅडम, उद्या सकाळी हे द्यायचंय. तारीख मी वरती सांगून बसलोय. फार जुन्या टेस्ट आहेत या, कोण आहेत ही माणसं, आता असतील तरी का, कोणाला ठाऊक. संध्याकाळपर्यंत तुम्ही जमवलंत तर उत्तम. नाहीतर ही ओळ मी काढतो. राग मानू नका."

त्यांचंही खोटं नव्हतं. एक टेस्ट काढायला एक बोट पुरतं. काढली की पडदा सगळा हिरवा, आणि काकू या खोल्यांत पुन्हा कधी येणार नाहीत. कोणाच्या लक्षातही येणार नाही.

धाकटी कामाला लागली. कोड साहेबांचा, पण चांगला लिहिलेला, त्यामुळे दुपार व्हायच्या आत तिला जागा सापडली. खांदे वेगळे असतील तर दुमडायचं नाही, दोन्ही बाजू स्वतंत्र छापायच्या. बदल थोडासाच होता. तिने तो लिहिलाही. मग तो चालवायचं बटण दाबायला बोट पुढे केलं, आणि ते बोट तिथेच अडलं. हे दाबलं की ओळ हिरवी होणार. काकू इतक्या वर्षांनी आल्या होत्या, आणि त्यांना कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

तिने फोन उचलला.

"आबा, मी बोलतेय. धाकटी."

"अगं, आज कशी आठवण झाली?"

"आबा," ती म्हणाली. "काकू आल्यात."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"केव्हा?"

"सकाळी."

"थांबवून ठेव," आबा म्हणाले. "आलोच."

ते आले तेव्हा खाली छापखान्यात दुपारची पाळी सुरू झाली होती. जिन्यावर त्यांचं पाऊल तिने ओळखलं. एक पायरी, थांबणं, एक पायरी. इस्त्रीचा शर्ट, भांग काढलेला. कोणाकडे तरी पाहुणा म्हणून जावं तसे ते तयार होऊन आले होते. डावा खांदा पूर्वीपेक्षाही खाली गेला होता. धाकटीने आपली खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः स्टूल ओढून शेजारी बसली. जुन्या सवयीने चहा मागवला, दोघांसाठी.

आबांनी चष्मा पुसला, परत लावला आणि लाल ओळीकडे बघत राहिले. मग त्यांनी टेस्ट उघडायला सांगितली. पडद्यावर आकडे आले.

"एवढी छाती होती माझी?"

"श्वास सोडून," धाकटी म्हणाली. "काकूंनी फुगवू कुठे दिली?"

आबा हसले, बरगडीपाशी हात नेला आणि हसता हसता त्यांना हुंदका आला. त्यांनी तो लपवला नाही. "तिच्यानंतर माझं माप कोणी घेतलेलंच नाही गं," ते म्हणाले. "घरात तिचं सगळं आहे. मशीन आहे, कात्री आहे. पण ती मला हात लावून काय म्हणाली, ते फक्त इथे राहिलंय. बघ ना, तिने सांगितलेला एकेक आकडा. जसाच्या तसा."

धाकटीने चहाचा कप त्यांच्यासमोर सरकवला. 

एवढ्यात साहेब आले. संध्याकाळ होत आली होती आणि ते ओळ काढायलाच आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. धाकटी उठून म्हणाली, "साहेब, हे आबा. हा प्रोग्राम मुळात यांचा. आणि ही टेस्टही यांचीच आहे, म्हणजे मापं यांची आहेत." आबांना उठायला वेळ लागला. ते उभे राहिले, हात पुढे केला. साहेबांनी हात हातात घेतला आणि त्यांची नजर आबांच्या डाव्या खांद्यावर गेली. मग उजव्यावर. मग पडद्यावर.

"बसा ना, बसा," साहेब म्हणाले.  मग स्वतःच एक खुर्ची ओढून घेतली. "मॅडम, बदल तयार आहे का?"

"आहे."

"मग टेस्ट राहू दे. चालवा."

धाकटीने आबांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. तिने बटण दाबलं. ओळी भराभर वर सरकत गेल्या आणि शेवटी पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला.

"गेली?" आबांनी विचारलं.

"गेल्या."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. "छान झालं. मी वरती कळवतो." ते उठायला लागले. आबा मात्र उठले नाहीत. हात मांडीवर ठेवून, हिरव्या पडद्याकडे बघत बसून राहिले.

"धाकटे."

"हं, आबा."

"कायदा विसरलीस तू."

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. दुरुस्ती एकदा मोडून बघायची राहिली होती. तिने आपला बदल काढून टाकला आणि टेस्ट पुन्हा चालवली. साहेब "अहो, हे काय..." म्हणेपर्यंत ओळ लाल झाली होती. साहेबांनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते परत खाली बसले.

"अगं, परत आलीस," आबा हळूच म्हणाले.

खालची यंत्रं चालू होती आणि टेबलावरचे कप किणकिणत होते. आबांनी आपला कप उचलला. चहा निवला होता, तरी ते घोट घोट, सावकाश पीत राहिले. धाकटीनेही घाई केली नाही. आज तिला घरी जायला उशीर झाला असता तरी चाललं असतं.

"तिने तेव्हा विचारलं होतं ना, हिरवं कशाला करता म्हणून," आबा म्हणाले. "मी काय सांगितलं होतं गं?"

"म्हणालात, नाहीतर लोकांचे शर्ट वाकडे होतील."

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाल्या, तेही खरंच."

आबांनी तळाशी उरलेला चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि चष्मा काढून खिशात घातला.

"कर मग हिरवं," ते म्हणाले.